दुसरं बोट

"पाच-तीस म्हणजे तेल नाही, पाणी आहे," मिस्त्री गाडीखालून म्हणाला. "पहिल्या गियरमध्ये दोन तास चढ चढली की त्यात काही दम उरायचा नाही. वीस-पन्नासचा डबा आहे ना मागे? तो घे."

"बाबा, वर सकाळी बादलीतलं पाणी गोठतंय. त्या थंडीत तुमचं वीस-पन्नास जागचं हलत नाही. चालू केल्यावर वरपर्यंत पोहोचेस्तोवर इंजिन कोरडंच फिरतं." मुलगी बॉनेटवर कोपरं टेकून उभी होती. तिच्या हातात गाडीचं पुस्तक होतं. "पुस्तकात पाच-तीसच दिलंय."

"पुस्तक लिहिणारा आपल्या चढावर कधी आला होता?"

"तुम्ही तरी थंडीत वर कधी मुक्काम केलात? सकाळी ती कशी कण्हते ते मी ऐकते."

हा वाद दर तेलबदलाला व्हायचा. गाडी दवाखान्याची होती. चारही चाकांना जोर, पोट जमिनीपासून हातभर वर, रंग कधी काळी पांढरा. दगडगोट्यांवरून ती चढायची ते बघून कुणीतरी तिला बकरी म्हटलं आणि तेच नाव पडलं. मिस्त्रीने ती बरीच वर्षं चालवली आणि सांभाळली. गेली सहा वर्षं चालवायची मुलगी आणि सांभाळायचा तो. वरच्या वस्तीला जाईल अशी दुसरी गाडीच नव्हती, त्यामुळे बकरी आजारी असली की वस्तीवर कुणी आजारी पडायची सोय नव्हती.

जुनं तेल तसराळ्यात गळून झालं होतं. मिस्त्रीने नुकताच जुना फिल्टर फिरवून काढला होता, तेवढ्यात नर्सबाई शेडच्या दारात आल्या. त्या कधी धावत नसत. आज धावत आल्या होत्या.

"वस्तीवरून माणूस पळत वाटेतल्या फाटकावर आलाय, तिथून फोन आला. सुताराच्या बायकोला कळा सुरू झाल्यात. दोन आठवडे आधीच. मूल आडवं आहे म्हणतात, खाली आणावं लागेल. किती वेळ लागेल तुम्हाला?"

"दहा मिनिटं," मिस्त्री म्हणाला.

शेडमध्ये एक रीत होती. मिस्त्रीला ती त्याच्या उस्तादाने घालून दिली होती आणि त्याने मुलीला. जिथे एक भाग दुसऱ्यावर घट्ट बसायचा असेल तिथे काही चिकटून राहिलं नाही ना हे बघायला आधी बोट फिरवायचं. ज्याने काम केलं त्याने एकदा, मग दुसऱ्या कुणीतरी एकदा. आपलं बोट आपल्यावर माया करतं, दुसऱ्याचं करत नाही, असं उस्ताद म्हणायचा. दुसरं बोट फिरल्याशिवाय नवा भाग चढवायचा नाही. मुलगी सात वर्षांची असल्यापासून या शेडचं दुसरं बोट होती.

"मी येऊ खाली?" तिने विचारलं.

"काही गरज नाही. तू औषधांच्या पेट्या गाडीत चढव."

"अहो, पण दुसरं बोट?"

"जन्म गेला यात माझा. आता तू मला फिल्टर बसवायला शिकव." तेलावरून सुरू झालेला राग अजून उतरला नव्हता. त्याने फिल्टरच्या जागेवरून अंगठ्याशेजारचं बोट फिरवलं, नव्या फिल्टरच्या रबराला तेल चोळलं, फिल्टर चढवला आणि हाताने आवळला. मुलीने पेट्या चढवल्या. तिने पाच-तीसचाच डबा उघडला आणि इंजिनात ओतला. मिस्त्रीनेही ते बघून न बघितल्यासारखं केलं, फक्त आपला वीस-पन्नासचा डबा गाडीत मागे ठेवून दिला.

इंजिन मिनिटभर चालवून बघितलं. खाली थेंब नव्हता. नर्सबाई चढल्या, बकरी निघाली.

ती गेल्यावर मिस्त्रीने थर्मासमधला चहा पेल्यात ओतला आणि पेला धरून बाकावर बसला. बऱ्याच वेळाने त्याचं हाताकडे लक्ष गेलं. कढत पेल्याने अंगठा आणि शेजारची दोन बोटं लालभडक झाली होती. त्याने पेला झटकन खाली ठेवला आणि उगाच दाराकडे बघितलं.

बोटं बधिर व्हायला लागून वर्ष होत आलं होतं. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या थांबल्या. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. तिला त्याने संधिवात म्हणून सांगितलं होतं. दवाखान्याच्या अंगणात आयुष्य काढलेल्या माणसाने दवाखान्याला एवढी एकच गोष्ट सांगितली नव्हती. सांगितली असती तर पाना हातातून गेला असता, आणि पान्याशिवाय या अंगणात आपण कोण, हे त्याला सुचत नव्हतं.

तो आवराआवर करायला उठला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग काढायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावायची, ही त्याची शेवटची पायरी. रिंग खिळ्याला लागली की काम संपलं. खिळ्यावर जुन्या रिंगांचा जाड गुच्छ झाला होता. आज घाईत ते राहिलंच होतं.

त्याने जुना फिल्टर उलटा केला. रिंग नव्हती.

तो तसराळ्यापाशी गेला. बाही न सारता काळ्या तेलात कोपरापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. मग त्याच्या लक्षात आलं की या हाताने चाचपण्यात अर्थ नाही. त्याने ते सगळं तेल गाळणीतून ओतलं. काही निघालं नाही. तो गुडघ्यांवर बसला, फरशी बघितली, बाकाखाली बघितलं. जुनी रिंग कुठे आहे ते त्याला कळून चुकलं होतं, तरी तो बघत राहिला.

ती इंजिनालाच चिकटून राहिली होती, आणि तिच्यावर त्याने नवी चढवली होती. एकावर एक दोन रिंगा सपाटीला गप्प बसतात. चढावर इंजिनाने जोर केला की तेलाच्या दाबाने त्यांतली एक निसटते आणि सगळं तेल मिनिटभरात बाहेर पडतं. मग इंजिन जाम. फाटकापुढचा चढ एका गाडीपुरता होता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही.

दवाखान्याच्या नोंदणीच्या खोलीत फोन होता. मिस्त्री धावला. फाटकाचा नंबर फिरवताना बोट दोनदा चुकलं. पलीकडे घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. त्याने पुन्हा फिरवला. गाडी निघून पस्तीस मिनिटं झाली होती आणि फाटकापर्यंत चाळीस लागत. फाटकानंतर फोन कुठेच नव्हता.

तिसऱ्यांदा फाटकवाल्याने उचलला. "मिस्त्री होय? थांबा जरा, ताई आलीय गाडी घेऊन, दांडा वर करून येतो."

"दांडा वर करू नकोस."

"वर केलाय हो, निघाली पण..."

"थांबव तिला. काही कर, आडवा पड, पण थांबव."

रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज आला. मग शिट्टी, मग कुणीतरी पळत असल्याचा आवाज, मग काहीच नाही. मिस्त्रीने दुसरा हात टेबलावर दाबून धरला होता. खोलीत बाकांच्या दोन रांगा होत्या, त्यांवर कुणी नव्हतं.

"थांबली," फाटकवाला धापा टाकत म्हणाला. "वळणावर गाठली. मागे मागे घेतेय. चिडलीय पण. काय झालं म्हणून विचारतेय."

"गाडी खिडकीपाशी घे म्हणावं आणि इंजिन बंद कर. फिल्टरच्या खाली हात लावून बघ म्हणावं."

फाटकवाल्याच्या चौकीचा फोन भिंतीला होता, त्याची वायर खिडकीपर्यंत पोहोचायची. तो खिडकीतून बाहेर ओरडायचा आणि तिकडून आलेलं आत सांगायचा.

"ओलं आहे म्हणते. ओघळ आलाय."

मिस्त्रीने डोळे मिटले. "खाली जुनी रिंग राहिलीय. फिल्टर काढायला सांग. तेल तापलेलं आहे, फडक्याने धर म्हणावं."

बराच वेळ गेला. मग फाटकवाला म्हणाला, "निघाली. निम्मी बाहेर सरकली होती." त्याने बाहेरचं ऐकलं. "ती विचारतेय, तुम्ही बोट फिरवलं नव्हतं का?"

आता काहीही सांगता आलं असतं. घाई होती म्हणता आलं असतं. फाटकवाल्याच्या कानावर घातलं म्हणजे दवंडी पिटल्यातच जमा, उद्यापर्यंत वरच्या वस्तीपासून खालच्या बाजारापर्यंत सगळ्यांना कळणार, हेही त्याला माहीत होतं.

"फिरवलं होतं," मिस्त्री म्हणाला. "तिला सांग, माझ्या बोटांना कळत नाही. वर्ष झालं."

 ओरडायचं सोडून फाटकवाला बाहेर जाऊन हळू आवाजात काही बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, "सांगितलं तिला. तिने स्वतःचं बोट फिरवलंय. आता मला म्हणते दुसरं बोट तुमचं. मला काय कळतं हो त्यातलं?"

"कळायचं काही नसतं त्यात. गोल फिरव. काही अडलं तर सांग."

"ताई, पकड हा फोन." जरा वेळाने लांबून त्याचा आवाज आला. "गुळगुळीत आहे. इथे काहीतरी... नाही, ते माझंच नख."

रिसीव्हरमध्ये आता मुलीचा श्वास ऐकू येत होता.  मग ती म्हणाली, "तेल बरंच सांडलंय. पट्टीवर खालच्या रेघेच्याही खाली. मागे तुमचा डबा आहे. पाच-तीसमध्ये वीस-पन्नास मिसळलं तर चालेल?"

"आपण दोघं एका घरात राहतो ना? चालेल तेही."

ती हसली नाही. "ठेवते," म्हणाली.

पुढचे पाच तास मिस्त्री शेडच्या दारात उभा होता. बायको दोनदा बोलवायला आली, दोन्ही वेळा परत गेली. दिवेलागणीला बकरी अंगणात शिरली. सुताराच्या बायकोला स्ट्रेचरवरून थेट आत नेलं, आणि तासाभरात नर्सबाईंनी मुलगा झाल्याचं आणि दोघंही ठीक असल्याचं सांगितलं. मुलगी शेडमध्ये आली. तिच्या तळहातावर भाजल्याचा लांबट फोड आला होता. तिने खिशातून चेपलेली रिंग काढली आणि स्वतःच खिळ्याला लावली.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पाना काढून घेतला असतास."

"घेतलाच असता." ती बाकावर बसली. "तेव्हा मी रागाने आले नाही खाली. तेलासाठी. नाहीतर तुम्ही नको म्हणालात तरी मी आले असते."

 मिस्त्रीने तिचा हात उलटा करून फोड बघितला आणि मलम आणायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मिस्त्रीचं मनगट दाबून, टाचणी टोचून बघितलं. नस फार दिवस दबली होती, आता पूर्वीसारखं व्हायचं नाही म्हणाले.

पुढच्या तेलबदलाला मुलगी गाडीखाली होती आणि मिस्त्री स्टुलावर. कुठलं तेल, यावर वाद झाला नाही. ती पाच-तीस म्हणाली, त्याने मान डोलावली. वाद न झाल्याचं दोघांनाही चुकल्यासारखं वाटलं.

तिने फिल्टर काढला, रिंग काढून बाजूला ठेवली, बोट फिरवलं. "बाबा, दुसरं बोट."

"थांब, कुणाला तरी बोलावतो."

"तुमचं."

"माझ्या बोटांचं तुला ठाऊक आहे."

"करंगळीची नस वेगळी असते म्हणाले ना डॉक्टर? तिला टाचणी कळली होती."

मिस्त्रीने करंगळी वर करून बघितली. इतक्या वर्षांत तिने काहीच काम केलं नव्हतं.

"शाळेत अशी करंगळी वर केली की बाई म्हणायच्या, जा बाहेर," मुलगी म्हणाली.

"जातोच आहे," तो म्हणाला. "एवढं बघू दे आधी."

तो पाठीवर आडवा झाला आणि सरकत तिच्या शेजारी गाडीखाली गेला. करंगळी एकदा फिरवली, मग उलटी फिरवली. लोखंड गार होतं आणि ते त्याला कळत होतं.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "चढव."

तो बाहेर सरकला, कपडे झटकून उभा राहिला. मग त्याने जुनी रिंग उचलली, ती खरंच बोटांत आहे ना हे नीट बघितलं, आणि खिळ्याला लावली.