धनश्रीची पेशी

लखननं चपला हातात घेतल्या आणि गोठ्याच्या भिंतीला कान लावला. पलीकडे त्याची धाकटी बहीण धनश्री फोनवर बोलत होती.

“हो सर. पेशीत साठा भरपूर आहे. पण भिंतीतल्या चरबीनं धरून ठेवलाय. त्यामुळे खरं किती आहे, ते आत कळतच नाही.”

बहिणीनं आपली चरबी काढावी, तीही परक्या माणसापुढं, हे लखनला फार लागलं. पेशी हा शब्द ऐकून तर त्यानं कान भिंतीला आणखी घट्ट लावला. नांदूरघाटात पेशी म्हणजे एकच, केजच्या कोर्टातली तारीख. आणि सर म्हणजे वकीलच असणार. वडील गेल्यापासून विहिरीकडचं रान तो एकटाच कसत होता, आणि कालच धनश्रीनं तिथं उभं राहून मोबाइलवर फोटो काढले होते. एरवी दोन दिवसांत पुण्याला पळणारी पोरगी या खेपेला आठवडा झाला तरी हलत नव्हती. संशय घ्यायला माणसाला आणखी काय लागतं!

संध्याकाळी आई, रतनबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. धनश्री जेवायला बसली. लखननं ताट पुढं ओढलं, पण घास मोडला नाही.

“पेशी कधी हाय?” त्यानं विचारलं.

“कसली पेशी?”

“मला येडा समजू नको. वकिलाकडं कावून गेलीस? किती हिस्सा पायजे, त्वांडानं सांग.”

धनश्रीला इतकं हसू आलं की ठसकाच लागला.

“अरे दादा, वकील न्हाई, ते माझे सर. मी शिकते ती पेशी अंगातली, डोळ्याला न दिसणारी. तिच्या भिंतीतली चरबी कोलेस्टेरॉल घट्ट धरून ठेवती. मग आतल्या राखणदाराला ते दिसतच न्हाई. त्याला वाटतं, घर रिकामं हाय. मग भरपूर असूनबी ती पेशी आणखी बनवत राहती, रक्तातूनबी ओढत राहती.”

“आन् रानाचे फोटो?”

“आबांची आठवण म्हणून काढले. मला रान कशाला पायजे? तू कसतोस, तेच बरं हाय.”

रतनबाई पदरात तोंड घालून हसली. लखनही हसला, किती तरी दिवसांनी मोकळेपणानं. त्यानं भाकरीचा मोठा तुकडा मोडून ठेच्याला लावला.

“लई घाबरलो व्हतो बघ,” तो म्हणाला. “तूच आधी कोर्टात जाशील म्हणून आमी पयलंच दावा लावला. उद्याच वकीलसायबाला सांगतो, मागं घ्या म्हणून.”

बोलला आणि हातातला घास तसाच राहिला. धनश्रीनं आईकडं पाहिलं. रतनबाई परातीतल्या पिठावरून नजर वर उचलत नव्हती. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तरी तिनं ती उलटली नाही.

धनश्री घोटभर पाणी प्याली आणि तांब्या खाली ठेवला.

“दादा,” ती म्हणाली, “पेशी कधी हाय?”