चार दिवसांची भर

निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी तंत्रनिकेतनातले हे माजी अध्यापक कागदावर टप्पे मांडल्याशिवाय कोणतेही काम हाती घेत नसत. पत्नीच्या रडतखडत चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही हलकी कार्यप्रणाली बसवायचे ठरले, तेव्हाही त्यांनी टप्पे मांडले. पहिला टप्पा पेन ड्राइव्हवर कॉपी घेण्याचा. एका फोल्डरमध्ये तिच्या दिवंगत वडिलांच्या आवाजातली सदतीस ध्वनिमुद्रणे होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. कॉपी डोळ्याचे पाते लवायच्या आत झाली. त्यांनी समाधानाने टिक केली, संपूर्ण डिस्क पुसली आणि लिनक्स बसवले.

पेन ड्राइव्हवर आला होता तो नुसता शॉर्टकट. दारावरची पाटी तेवढी उचलून आणली होती. घर मागेच राहिले होते. फोल्डर परत लॅपटॉपवर घ्यायला गेले, तेव्हा हे त्यांना कळले. 'फाइलचा आकार तपासलात का?' असे विचारून आयुष्यभर विद्यार्थ्यांना धारेवर धरणारा माणूस! तोंडातून मात्र भलतेच निघाले, "डिस्कच बाद झाली होती गं. जुनं काही हाती लागलं नाही."

ती रडली नाही. "तुम्ही तरी काय करणार हो," म्हणत तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा त्यांना चटका बसला. पुढचे चार दिवस ते लॅपटॉप नटवत बसले: अपडेट, नवे प्रोग्राम, तिच्या आवडीचे ढीगभर चित्रपट.

पाचव्या सकाळी मुलीचा फोन स्पीकरवर होता. "बाबा, डिस्क बाद झाली म्हणता, मग लिनक्स काय हवेत चालतंय?"

ते फोनकडे वाकले. "डिस्क ठणठणीत आहे. मीच पुसली. कॉपी न तपासता."

मग मुलगी म्हणाली, "पुसलेलंही पुष्कळदा परत मिळतं. पण लॅपटॉप लगेच बंद ठेवलात ना? नवं भरत गेलं की जुनं कायमचं जातं."

पत्नीने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिले. अजून एक चित्रपट उतरत होता.

"चार दिवस भरताहेत," ती मुलीला म्हणाली. "माझ्यासाठी."

त्यांनी बटण दाबून धरले. दिवा विझला तरी बोट निघेना.

"दुरुस्तीच्या दुकानात मी येते बरोबर," ती उठत म्हणाली. "पण काय झालं, ते तुम्हीच सांगायचं. पहिल्यापासून."

"सांगतो," ते म्हणाले. मान वर करणे त्यांना जमले नाही.