साहेबाच्या गाडीची डिकी

"कोण होतं, नाना?" राजनंदिनीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोन न्हाई. आपलंच घरचं," झुंबरनाना म्हणाले आणि कॉम्प्युटरवर उमटलेल्या चौकटीत 'जाऊ द्या'चं बटण दाबून मोकळे झाले.

तारापूरच्या एका कारखान्याच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं उभा राहिलेला माणूस, त्याला हे काम मिळालं म्हणजे काय विचारता! लेकीनं फायरवॉल बसवली तेव्हा समजावलं होतं, "हे तुमच्या गेटसारखंच, नाना. बाहेरच्याला न विचारता आत घेत नाही. आणि आतला एखादा प्रोग्राम बाहेर निघाला की विचारतं, सोडू का अडवू? अनोळखी दिसला की अडवायचा." ती स्वयंपाकाला लागली की नाना खुर्चीत ताठ बसत. रोज बाराला एकच जण यायचा. इंग्रजी अक्षरं लावून लावून नाना वाचत, 'सिस्टिम सर्व्हिस'. म्हणजे कॉम्प्युटरचाच माणूस की! त्याला काय अडवायचं?

सहा महिन्यांपूर्वी ती दोन पिशव्या आणि हा कॉम्प्युटर घेऊन बेटेगावच्या खोलीवर आली, तेव्हा तिच्या गळ्यावर नवऱ्याच्या बोटांचे वळ होते. कैलासनं फोनवर सांगितलं होतं, "जा कुठं जायचं तिथं. मी आधी पोचलेला असेन." आणि बोलला तसा वागला मेला. ती वापीला मुलाखतीला गेली, तर समोर मोटरसायकलवर हा. पालघरला गेली, तर तिथंही हा. नुसता हसला.

पालघरहून आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"आजचा पत्ता मी फक्त तुम्हाला सांगितला होता, नाना."

"पोरी, तुज्या आईची आन..."

"मग त्याला कळतं कसं?"

पोटच्या लेकीनं बापावर संशय घ्यावा, त्यापेक्षा मेलेलं बरं, असं नानांना वाटलं. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाराला चौकट आली. नानांचं बोट बटणापाशी गेलं आणि थबकलं. त्यांना साहेबांच्या गाड्या आठवल्या. सुट्टी झाली की कामगारांचे डबेसुद्धा उघडून बघायचे, पण साहेबाच्या गाडीची डिकी उघडायची नाही, असा हुकूम होता. पुढं कळलं, महागडा माल वर्षानुवर्षं त्याच डिकीतून गेला. आणि नाना सलाम ठोकत होते.

"नंदे, हिकडं ये गं! ह्यो रोज भायेर कशाला जातो? संगं काय नेतो?"

तिनं आधी त्याला अडवलं आणि मग तासभर खणत बसली. तो प्रोग्राम कैलासनंच कधीतरी घालून ठेवला होता. तिनं लिहिलेली प्रत्येक ओळ, प्रत्येक पत्ता रोज बाराला त्याच्याकडे जात होता.

"फायरवॉलनं विचारलं होतं, नाना. रोज विचारलं."

"आन मी रोज सोडला," म्हणत नाना मटकन खाली बसले.

कॉम्प्युटर पुसून कोरा केला. महिन्याभरात तिला तिसरीकडे नोकरी लागली. पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "नाना, मी जातेय ते गाव..."

"सांगू नगं."

"असं काय हो?"

"मला ठावंच नसलं, तर माज्या तोंडातनं निगंल कसं? फोन बी करू नगं. जा."

ती पाया पडली आणि हमसून रडली. नाना रडले नाहीत. रिक्षा वळेपर्यंत मात्र गेटवर उभं राहावं तसे उभे होते.

चौथ्या दिवशी भरदुपारी मोटरसायकल दारात थांबली.

"कुठंय ती?" कैलासनं विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"म्हाताऱ्या, खरं बोल!" त्यानं नानांची कॉलर धरली.

नाना खरंच बोलत होते. लेक कुठल्या गावात आहे, काय खाते, रात्री तिला झोप लागते का, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं.