पंच्याहत्तरीपर्यंतची तजवीज

बोट काही लागेना.

"आबा, अंगठा शर्टाला पुसा आणि परत ठेवा. एवढं दाबू नका हो!" काउंटरमागची सृष्टी म्हणाली.

सीतारामभाऊंनी अंगठा पुसला, त्यावर फुंकर मारली आणि तिसऱ्यांदा त्या लाल दिव्याच्या यंत्रावर ठेवला. यंत्राने पुन्हा नकार दिला. लोणावळ्याच्या बाजारातलं ते सेवा केंद्र म्हणजे दहा बाय दहाची खोली, आणि मागे सात-आठ म्हातारे रांगेत ताटकळलेले. सगळे त्याच कामाला आलेले. हयातीचा दाखला! वर्षातून एकदा इथे येऊन आपण मेलेलो नाही हे बोटाने सिद्ध करायचं, नाहीतर पेन्शन बंद. आता पेन्शन तरी केवढी? महिना अठराशे नव्वद. दात कोरून कुणाचं पोट भरलंय?

"न्हाई घेत का गं? मग मेलो आसंन मी," भाऊ म्हणाले, तशी रांग हसली.

चौथ्या खेपेला करंगळीशेजारचं बोट चाललं. "झालं आबा! पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत!" सृष्टीने कागद पुढे सरकवला.

भाऊ हसले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि पावतीच्या पाठीवर लिहिलं – ११.४०, दाखला, ७० रु. सरकारने बारा महिने दिले होते. घरच्या वहीत मात्र आठच महिन्यांचे पैसे शिल्लक होते. मधले चार महिने कुठून आणायचे, हे सांगणारं केंद्र अजून कुणी काढलेलं नाही.

रिक्षाचे वीस रुपये वाचवायला ते कुसगावपर्यंत चालतच निघाले.

सीतारामभाऊ एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, कुणाचा अर्धा दिवस कापायचा, कुणाचा जादा तास धरायचा, हे सगळं त्यांच्या हाती. कारखाना गेला, सवय राहिली. घरी लांबडी वही. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला खर्च. '६.१०, दूध, ३०.' '८.४५, कोथिंबीर, १०.' '५.२०, कस्तुराचा दम्याचा पंप, ३४०.' अठरा वर्षांत एक दिवस कोरा नाही. गावातली पोरं चेष्टा करायची, आबा शिंकले तरी वहीत वेळ टाकतात म्हणून. भाऊंना त्याचं काही वाटत नसे. हिशेब ठेवणाऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, ही त्यांची श्रद्धा होती, आणि पंच्याहत्तर वर्षं ती खरी ठरली होती.

घोटाळा तिथेच होता. ती पंच्याहत्तरपर्यंतच खरी ठरणार होती.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी धरून सहा लाख दहा हजार हाती आले. रात्रंदिवस डोकं खाजवत बसण्याचा भाऊंचा स्वभाव नव्हता. त्यांनी वही उघडली आणि सरळ विचार केला. वडील एकसष्टाव्या वर्षी गेले. चुलते चौसष्टाव्या. थोरला भाऊ कोंडाजी सहासष्टाव्या. म्हणजे आपली उडी फार तर बहात्तर. वर तीन वर्षं उगीच असू द्यावीत म्हणून पंच्याहत्तर धरली. रकमेला महिन्यांनी भागलं, व्याज मिळवलं, आलेला आकडा लाल शाईने चौकटीत लिहिला आणि त्या चौकटीबाहेर सतरा वर्षांत पाय टाकला नाही. लग्नाकार्याला गेले तरी आहेर चौकटीतला.

आणि आता शहात्तरावं लागलं होतं. गुडघे ठीक, डोळे ठीक, भूक उत्तम. कान तेवढे गेले होते. बँकेत एक्केचाळीस हजार. पेन्शन वजा जाता महिन्याला पाच हजारांच्या वर हवेत. आठ महिने. गेल्या दिवाळीपासून ते घाबरले होते. एवढा घाबरलेला माणूस सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दूध आणायला बिनचूक जात होता, म्हणून कुणाला कळलं नाही इतकंच.

कळलं ते त्याच दुपारी, आणि कळू नये तिला कळलं.

भाऊ घरात शिरले तर त्यांची बायको कस्तुराबाई उंबऱ्यातच बसलेल्या. दम्याचं माणूस, त्यात चालून आलेलं, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मांडीवर औषधाची पिशवी.

"राजेंद्रच्या दुकानात गेलते, माजा पंप आणाया," त्या म्हणाल्या. "तो इचारतोय, मावशी, आबांनी दुसरं दुकान धरलं का? दोन महिनं झालं बीपीच्या गोळ्या न्ह्याया आलं न्हाईत. मी म्हनलं, आसंल बाबा. तर सांगा, कुटलं दुकान धरलं?"

भाऊंनी चपला काढल्या. खोटं बोलायचं तर त्यांना येत नव्हतं. एकतीस वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती, आता तोंडाने कुठून करणार?

"बंद केल्या," ते म्हणाले.

"कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. माज्या मनानं."

"का?"

सरकारी दवाखान्यातल्या फुकटच्या गोळ्यांनी पाय सुजायचे म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या लिहून दिल्या होत्या, महिना सहाशे दहाच्या. त्या बंद केल्या की हाताशी एक महिना वाढत होता. आणि गोळ्याच नाहीत म्हटल्यावर पलीकडचे, जगायचे महिने आपोआप घटले असते. दोन्ही बाजूंनी हिशेब जवळ येत होता. कागदावर तो इतका स्वच्छ दिसत होता, की पहिल्या दिवशी भाऊंना हायसं वाटलं होतं. पण हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"बोला की! तोंडात काय गुळनी धरलीय का?"

शेवटी त्यांनी फळीवरची सगळ्यांत जुनी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि पुढे ठेवली. बोलण्यापेक्षा दाखवणं त्यांना सोपं गेलं. कस्तुराबाई चौथी शिकलेल्या. बोट ठेवून वाचू लागल्या. जमा इतकी. व्याज इतकं. महिने दोनशे चार. खाली 'अखेर' असं लिहून दोन ओळी होत्या. 'स्वतः – २०२४.' त्याखाली, 'कस्तुरा – २०११.'

बोट तिथे थांबलं.

"हे काय?"

"अंदाज."

"कसला अंदाज?"

वही लिहायला घेतली त्या वर्षी तिला दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं, नाकाला नळी लावली होती, डॉक्टरने मान हलवली होती. आकडा धरावाच लागतो, नाहीतर भागाकार कशाने करणार?

"अकरा साली मला मारली तुमी," कस्तुराबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "संदेशचं लगीन हुतं त्या साली. मी पुरनाचं जेवान रांदलं दोनशे मानसांचं. तुमी जेवत हुता आन् मनात म्हनत हुता, ही मेली."

"तसं न्हाई गं..."

"मंग कसं? चौदा वर्सं मी तुमच्या घरात फुकट खाती म्हना की! रोज हिशेब लिवताना वाटलं आसंल तुमाला, ही मरत कशी न्हाई."

"न्हाई वाटलं. कवाच न्हाई वाटलं," भाऊ म्हणाले. हे खरं होतं. दर वर्षी ती जगली की ते नव्याने भागाकार करत, स्वतःचा चहा एकावर आणत, शिवलेली चप्पल पुन्हा शिवून घेत. आणि ज्या वर्षी तिला जास्त त्रास व्हायचा, त्या वर्षी हिशेब सोपा होईल हा विचार शिवू नये म्हणून दिवसभर वहीला हात लावत नसत, रात्री एकदम लिहीत. पण हे सांगता येईना. वहीत त्याची कुठे नोंदच नव्हती.

कस्तुराबाई पदराने डोळे पुसून उठल्या. "लावा संदेशला फोन."

"त्याचंच त्याला पुरत न्हाई..."

"लावा म्हनती ना!"

संदेश तळेगावला एका कंपनीत कंत्राटावर होता. भाऊंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोन नेहमी मोठ्या आवाजावर.

"हॅलो, आबा? सगळं ठीक ना?"

"व्हय. जेवला का?"

"आबा, चार वाजलेत."

"व्हय का." भाऊंनी घड्याळ पाहिलं. खरंच चार वाजले होते. मग एका दमात, टाइम ऑफिसातला अहवाल वाचावा तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. एक्केचाळीस हजार. आठ महिने. महिन्याला दोन-अडीच हजार जमले तर बघ.

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"बघतो आबा," संदेश म्हणाला. "या महिन्यात फ्लॅटचा हप्ता आहे, पोरीची फी आहे... बघतो मी. नक्की बघतो."

भाऊंनी फोन ठेवला. टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन माणसं गयावया करायची, 'भाऊ, पाचच मिनिटं झालीत, अर्धा दिवस नका कापू,' तेव्हा भाऊही म्हणायचे, बघतो. आणि कापायचे. त्यामुळे लेकाचा राग करायलाही तोंड उरलं नव्हतं.

कस्तुराबाईंनी सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुरवंड्याला यशोधरा काय करती?"

यशोधरा ही भाऊंची धाकटी बहीण. ती शनिवार-रविवारी आपली खोली पर्यटकांना द्यायची. भाऊंनी त्यावरून तिला दहा वेळा सुनावलं होतं, परकी माणसं घरात घ्यायची म्हणजे काय!

"आपली भायली खोली द्यायाची," कस्तुराबाई म्हणाल्या. "रातीचे हजार घेती ती. आपल्याला आठशे मिळतील."

"आन् आपन कुटं निजायचं?"

"सैपाकघरात. मेलेल्या मानसाला कितीशी जागा लागती?"

त्या हसल्या नाहीत. भाऊंनाही हसू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात यशोधरा दोन गाद्या घेऊन आली, पलंगावर नवी चादर घातली, भिंतीवरचं औषधांचं कॅलेंडर काढून ठेवलं. जाताना वहिनीच्या कानात काहीतरी बोलली आणि दादाकडे न बघताच गेली. शनिवारी पुण्याहून चार पोरं आली. भली पोरं होती. चपला बाहेर काढल्या, म्हातारीच्या पाया पडली, आठशे रुपये मोजून दिले. मग त्यांनी एक छोटा स्पीकर लावला आणि बाहेरच्या खोलीत हसण्याचा गलका सुरू झाला.

भाऊ स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून, पोत्यावर बसले होते. मधल्या दाराला नुसता पडदा होता. संध्याकाळचे सात वाजले होते. कस्तुराबाईंनी राजेंद्रकडून आणलेली गोळी पाकिटातून काढली, पाण्याचा पेला भरला, आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं.

भाऊंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला.

"आ करा," त्या म्हणाल्या.

"आगं, गिळली."

"तुमच्या म्हनन्यावर आता माजा इस्वास न्हाई. आ करा."

पडद्यापलीकडून एक पोरगा हाक मारत होता, "आजी, थोडं पाणी मिळेल का?" भाऊंनी पडद्याकडे पाहिलं. कुणी आत डोकावलं तर काय दिसेल, हे त्यांच्या मनात आलं. ज्याच्यापुढे सहाशे माणसं रांगेत उभी राहायची तो माणूस, अंगात बनियन, पोत्यावर बसलेला.

"येते रं बाळा," कस्तुराबाईंनी आवाज दिला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. एका हाताने त्यांनी भाऊंची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली.

भाऊंनी तोंड उघडलं.

"जीभ वर करा," त्या म्हणाल्या.

भाऊंनी जीभ वर केली.