खिडकीची हिरवी काच

टायटॅनियम कार्बाइडचा पापुद्रा असतो पाच अणूंच्या जाडीचा. डोळ्यांना कसला दिसतोय! मला मात्र तो स्वप्नात दिसायचा. मी त्यावरून अनवाणी चालायचे, पावलांवर हिरवट उजेड पसरायचा आणि तळव्यांना वीज गुदगुल्या करायची. जागेपणी ते स्वप्न एका बाटलीत होतं, पाण्यात तरंगत, शाईसारखं काळं. तीन वर्षांच्या पीएचडीतली तेवढी एकच बाटली उरली होती.

प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला म्हणून ती सक्करदऱ्याला घरी आणली. "बाबा, जिवापाड सांभाळा," मी म्हणाले आणि आठवडाभर पुण्याला परिषदेला गेले.

परतले तेव्हा बाटली खिडकीत उघडी होती. आत ताकासारखं पांढरं पाणी.

"काहून उघडली, बाबा?"

"खळ कोंडली का आंबते वं. रोज सकाळी वारा दिला तिले."

माझे बाबा, बबनराव, चाळीस वर्षं हातमागावर बसलेले. सुताला पाजायच्या खळीपलीकडे बाटलीत काही असू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हवेनं मरते ते! परवा तपासणीच्या मशीनवर माहा नंबर आहे. त्यातून वीज वाहते अन् उजेड आरपार जाते, हे दाखवाचं होतं. आता काय दाखवू? तुमचा माग गेला, आता माह्यंही घालवा!"

बाबांनी झाकण शोधून हळूच बाटलीला लावलं. ते मला जास्त लागलं.

रडून रडून दुपारी डोळा लागला. पुन्हा तेच स्वप्न, पावलांवर हिरवट उजेड. डोळे उघडले तरी तो उजेड पावलांवर तसाच होता. मी वर पाहिलं. खिडकीच्या एका काचेवर पातळ, सरळ, हिरवट थर चढला होता.

"बाबा, हे कधी केलं?"

"पयल्याच दिवशी. खळ काचेवर ओढून उजेडात पाहावं लागते, गाठी हायेत का म्हणून. कुंचा फिरवला एकडाव."

पाण्यात मेलेलं काचेवर सुकून जगलं होतं. मी बॅगेतल्या मीटरची दोन टोकं काचेला टेकवली. रोधाचा आकडा हलला, उतरला, थांबला. वीज वाहत होती.

बाबांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "गाठ हाय का?"

"एकबी नाही. चुकलं माह्यं, बाबा."

ते पेचकस घेऊन चौकटीची पट्टी उचकटू लागले. "ने काच. खिडकीले पुठ्ठा लावू."