काळीज बोटभर दूर

पडद्यावरचं ते लाल काळीज आपलंच आहे, हे जयमालाला खरं वाटेना. मुठीएवढं तर होतं. त्याच्या कडेवरून पिवळे-हिरवे पट्टे गेले होते.

"ताई, किरणं कुठं किती पडतील ते हे पट्टे दाखवतात," अविनाश म्हणाला. हायवेवरच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात किरणांचा आराखडा बसवणं हे त्याचं काम. "गाठ काढली ते डाव्या अंगाची, छातीतली. किरणं तिथंच द्यायची, अन् काळीज नेमकं त्याच्या खाली. कंप्युटरनं हजार रीतीनं किरणं वळवून पाह्यली. याच्यापेक्षा बरं त्याले जमून नाई राह्यलं."

"मंग काय होईल?"

"आज काई नाई. पण वीसेक वर्षांनी काळजाले तरास होऊ शकते."

जयमालानं मांडीवरच्या लेकीकडे, अपेक्षाकडे पाहिलं. पोरगी मंगळसूत्राचे मणी चोखत होती. तेव्हा ही शिकून कुठं नोकरीला लागलेली असेल, आणि आई दम लागून उंबऱ्यावर बसलेली.

"त्या कंप्युटरले म्हणा, अजून पाह्य."

"छाती स्कॅनमध्ये जशी दिसली, तशीच धरून चालते ते. छाती त्याले हलवता येत नाई, ताई."

"मंग मी हलवते!"

अविनाश हसला, मग थबकला. तशी एक रीत होती खरी. छाती भरून श्वास धरला की काळीज बरगड्यांपासून जरा दूर सरकतं. तेवढ्यात किरणं द्यायची. श्वास ढळला की मशीन थांबते.

त्यानं विचारलं तेव्हा तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नकारार्थी मान हलवली. "रोज तेवढाच श्वास लागतो. आपल्याकडच्या बायकांना नाही जमत, घाबरतात. सोमवारी साध्या आराखड्यावर सुरू करू."

"आपल्याकडच्या म्हंजे कोणच्या, मॅडम? पाठीले भोपळा बांधून विहिरीत पोहाले शिकली मी. बुडी मारली का मी वर येईपर्यंत काठावरच्या पोरी रडाले लागत."

"काऊन वं, मॅडमले उलटून बोलते?" सासू पुष्पाबाई मागून कुजबुजल्या.

तिच्या हट्टापायी श्वास धरण्याची चाचणी झाली आणि जयमाला सपशेल नापास. विहिरीत उडी घेताना घ्यावा तसाच श्वास तिनं घेतला. खांदे कानाशी, पाठ टेबलावरून कमानीसारखी वर. पडद्यावरची श्वासाची रेघ दरवेळी ठरल्या पट्टीबाहेर उसळायची.

"पाहिलंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पाह्यलं. सोमवार पुढं ढकलू नका. त्याच्या आत मी शिकून येते."

घरी ती फरशीवर सतरंजी टाकून पडली. पुष्पाबाई आधी दारातूनच बोलत राहिल्या, "डॉक्टरीन म्हणते नाई जमत, अन् हे चालली शहाणी!" मग त्यांच्यानंच राहवेना. शेजारी बसून त्यांनी सुनेच्या पाठीखाली हात सरकवला.

"उठली! पुन्हा उठली पाठ! उंदीर जाईल खालून."

"हसवू नका हो, आई."

"हसू नको. घे श्वास. छातीत घे, खांद्यात नाई."

अपेक्षाला वाटलं, हा आपल्यासाठीच मांडलेला खेळ. ती येऊन आईच्या पोटावर चढू पाहायची आणि आजी दुसऱ्या हातानं तिला धरून ठेवायची. दूध उतू गेलं, भाकर करपली. संध्याकाळी जयमालानं छाती भरून श्वास घेतला, पण पाठ उठली नाही. पुष्पाबाईंचा हात खाली तसाच दबलेला होता.

"आता सांग त्या डॉक्टरीनले, जमते म्हणून," त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलात या वेळी रेघ पट्टीत शिरली आणि तिथंच बसली. नवा स्कॅन झाला. कंप्युटरनं नव्या छातीवर पुन्हा सगळी उलथापालथ केली. अविनाशनं पडदा तिच्याकडे वळवला. काळीज खाली, बोटभर दूर, पट्टे त्याच्या वरून निघून जाणारे.

डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा तपासले. "हाच आराखडा घेऊ. पण रोज जमलं पाहिजे हं."

"रोज जमवते ना मी."

सोमवारी टेबलावर ती एकटी होती. जाड दार लागता लागता बाहेरून अपेक्षाचं रडणं आत आलं, आणि जयमालाची छाती हुंदक्यासारखी हलली. रेघ ढळली.

स्पीकरमधून अविनाशचा आवाज आला, "ताई, घाबरल्या का? आज साध्यावरच देऊ का?"

"नाई! साधं नाई. थांबा जरासक." तिनं आधी सगळा श्वास सोडला, रडणं मनातून दाराबाहेर ठेवलं. "हं. आता सांगा."

"घ्या श्वास... धरा."

मशीन गुणगुणू लागली. जयमाला छताकडे डोळे रोखून पडून राहिली, शत्रूकडे पाहावं तशी.

"सोडा, ताई. थांबली मशीन."

ऐकूनही तिनं श्वास लगेच सोडला नाही.