आधी गल्ली, मग गच्ची

सुलभाबाई गव्हात पालथ्या पडल्या होत्या. समोर मोडकी भिंत, भिंतीपलीकडे उघडं शेत आणि शेताच्या टोकाला शत्रूनं धरलेलं गाव. गहू, भिंत, गाव सगळं कंप्यूटरच्या पडद्यावर होतं; त्या स्वतः उज्जैनला, फ्रीगंजच्या घरात, श्रेयसच्या खुर्चीवर पाठीला उशी लावून बसलेल्या होत्या. श्वास मात्र खरोखरीच वर अडकला होता.

हेडफोनमध्ये कप्तानचा आवाज आला.

"सब सुनो. आज अपने कंपाउंडर का लास्ट मिशन है. कंप्यूटर बेच रहा है भाई. इज्जत से विदा करना है, समझे?"

सुलभाबाईंचं बोट भलत्याच बटणावर पडलं. पडद्यावरचा त्यांचा सैनिक गव्हातून ताडकन उभा राहिला आणि कानाजवळून गोळी गेली.

"मास्टरजी, नीचे! मरना है क्या?"

त्या पुन्हा पालथ्या पडल्या. लास्ट म्हणजे काय? पुढच्या रविवारी नाही? मग त्याला शोधायचं कुठं?

मास्टरजी म्हणजे सुलभाबाई. सगळी नोकरी मुलींना भूगोल शिकवण्यात गेली, आणि आता निवृत्तीनंतर हे. ह्या टोळीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं की मास्टरजी बाई आहेत, साठी उलटलेल्या आहेत, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी देवापुढे उदबत्ती लावून येतात. माईक खराब आहे असं सांगून त्या फक्त टाइप करत. आणि कंपाउंडर म्हणजे त्यांचा मुलगा श्रेयस. मास्टरजी कोण, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

वसंतराव गेले ते थंडीतल्या एका दुपारी. सुलभाबाई बहिणीला बसमध्ये बसवून द्यायला देवास गेटला गेल्या होत्या. परत आल्या तर बाथरूमचं दार आतून बंद, नळ चालू, आणि शेजारच्या खोलीत श्रेयस कानाला हेडफोन लावून ह्याच खेळात बुडालेला. दार तोडलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. सुलभाबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मुलाला म्हणाल्या, "हाका मारून मारून गेले रे ते. आणि तुझे कान त्या बंदुकांत."

कोणी ऐकल्या होत्या हाका? त्या तर देवास गेटला होत्या. पण दुःखात माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. तेराव्याची पानं उठली, आणि संध्याकाळी श्रेयस एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन निघून गेला. फोन बंद. ठाण्यात गेल्या तर हवालदार म्हणाला, "बालिग है मैडम, आ जाएगा." जसा काही भाजी आणायला गेला होता.

त्यानंतर कधीतरी मृत्यूच्या दाखल्यासाठी त्या घरच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर सही करता करता सहज बोलले, "बहनजी, उनको तो पता भी नहीं चला होगा. आवाज निकलने का सवाल ही नहीं." सुलभाबाई दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या. म्हणजे हाक नव्हतीच. जी हाक कोणी मारलीच नव्हती, ती पोराच्या कानात घालून त्यांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. हे त्याला सांगायला हवं होतं. आता जगण्यात एवढं एकच काम उरलं होतं.

त्याचा माग काढला भार्गवीनं, दिरांच्या मुलीनं. श्रेयस अजून खेळतोय हे तिला खेळातल्या त्याच्या नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावरून कळलं. तिनं भाबडेपणानं त्याला लिहिलं, काकू रडतेय, फोन कर. ठिपका गायब. त्यानं तिला ब्लॉकच करून टाकलं. टोळीतल्यांना विचारावं तर त्यांचा नियम, खरं नाव नाही, गावाचं नाव नाही.

"काकू, आता एकच रास्ता आहे," भार्गवी म्हणाली होती. "तू खेळ."

"मला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही नीट."

"नकाशा वाचता येतो ना? मग झालं."

आणि खरंच, झालं. कारण हा खेळ म्हणजे नुसती धडाधडी नव्हे. एक गोळी लागली की माणूस आडवा. नकाशावर तुम्ही कुठं आहात हे दाखवणारा बाण नाही, मित्राच्या डोक्यावर नाव नाही. टेकडी, ओढा, रस्ता बघायचा आणि चौकटींचे आकडे वाचून आपली जागा आपणच ठरवायची. टोळीतली जवान पोरं तिथं गडबडत आणि सुलभाबाई बिनचूक सांगत. म्हणून त्या मास्टरजी.

श्रेयस पूर्वी ह्या खेळात नेमबाज होता. आता तो बंदूकसुद्धा घेत नसे, फक्त पट्ट्यांची पिशवी. कोणी जखमी होऊन ओरडला की तो निघालाच. वाचायची आशा नसलेल्याकडेही जायचा. कप्तान वैतागायचा, "अबे, वो गया, छोड़ उसको." तरी हा जायचाच. जखमीपाशी पोचला की विचारायचा, "कहाँ लगी? बोलता रह, मैं सुन रहा हूँ."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा सुलभाबाईंनी हेडफोन काढून ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. काय करून ठेवलं आपण ह्या पोराचं.

खेळात बोलायची दोन बटणं होती. एक रेडिओचं, ते सगळ्या टोळीला ऐकू जाई. दुसरं जवळच्या बोलण्याचं, ते फक्त शेजारी असलेल्यालाच. म्हणजे श्रेयस एकटा जवळ आला की दुसरं बटण दाबून बोलायचं, एवढं सोपं. पण कधी मध्ये तिसरा कोणी असे, आणि कोणी नसला की त्या बटणावरून बोट काढून घेत. आवाज ओळखून तो ठिपका विझवून निघून गेला तर? निदान दर रविवारी दुपारी तो हिंदीत का होईना बोलतोय, जिवंत आहे, हे तरी कळत होतं. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी, असं करत उन्हाळा आला. आणि आता पुढचा रविवारच नव्हता.

खिडकीतला कूलर खडखडत होता. बाहेर रस्त्यावर ऑटोवाले महाकालच्या सवाऱ्या ओरडून भरत होते. सुलभाबाईंनी पदरानं तळहात पुसले आणि ठरवलं. आज जखमी व्हायचं. श्रेयस एकटा येईल अशा जागी पडायचं, आणि मग जे होईल ते होवो.

"कंपाउंडर, तू कहाँ है?" कप्तान विचारत होता.

"ओढे के पास हूँ. एक घायल है, पट्टी कर रहा हूँ." श्रेयसचा आवाज. बोलताना त्याच्या हिंदीत असं घरातलं काहीतरी मध्येच डोकावे.

तोफ डागायचं काम एका नव्या गड्याकडे होतं. त्यानं गावातल्या शत्रूच्या जागेचे आकडे रेडिओवर मोठ्यानं वाचले आणि म्हणाला, "लोड हो गया. फायर करूँ?"

सुलभाबाईंनी त्या आकड्यांवरून नकाशावर बोट ठेवलं. शहाण्यानं आकडे उलटे वाचले होते. उभे आधी, आडवे नंतर. ती जागा गावात नव्हतीच, ओढ्याकाठी होती. तोफगोळा सरळ श्रेयसवर पडणार होता, आणि ह्या खेळात तसा मेलेला परत येत नाही. आजचा खेळ त्याच्यापुरता संपला असता, आणि आजच शेवटचा.

त्यांनी विचार केलाच नाही. बोटं जशी चालली तसं टाइप केलं.

'रुको!! नंबर उलटे हैं. पहले गली, फिर गच्ची.'

"ये गच्ची क्या होता है?" नव्या गड्यानं विचारलं.

"छत, यार," कप्तान हसला. "इंदौर-उज्जैन तरफ बोलते हैं. मतलब पहले आड़ा चल, फिर ऊपर चढ़. वाह मास्टरजी, मान गए."

नव्यानं आकडे सुधारले, तोफ कडाडली, गावातून धुराचा लोट उठला. टोळीनं जल्लोष केला. सुलभाबाई मात्र आपण टाइप केलेलं पुन्हा वाचत होत्या.

कारण ते वाक्य त्यांनी वर्गात कधी वापरलं नव्हतं. ते घरातलं होतं. श्रेयस लहानपणी नकाशाचे आकडे नेहमी उलटे वाचायचा. संक्रांतीला कटलेला पतंग शोधायला मायलेक निघाले होते तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं होतं, की बघ, आधी गल्ली गाठायची, मग कोणाच्या गच्चीवर चढायचं ते बघायचं. आकड्यांचंही तसंच. आधी गल्ली, मग गच्ची. पुढे कित्येक वर्षं तो पेपरला जाताना दारातून ओरडून तेच म्हणायचा आणि वसंतराव हसायचे.

"कंपाउंडर, सब ठीक?" कप्तान म्हणाला.

उत्तर नाही.

"कंपाउंडर? सुन रहा है?"

नाही.

सुलभाबाईंनी यादी उघडली. त्याचं नाव होतं, ठिपका हिरवा होता. कुठल्याही क्षणी विझेल. आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. त्या उठल्या, म्हणजे गव्हातला तो सैनिक उठला. भिंत ओलांडली आणि उघड्या शेतात चालू लागल्या. धावल्याही नाहीत.

"मास्टरजी! क्या कर रहे हो? वापस आओ!"

गोळी कुठून आली ते कळलं नाही. पडदा तिरपा झाला, आभाळ दिसलं, मग गव्हाच्या काड्या. कडेनं अंधार आत सरकू लागला आणि हेडफोनमध्ये छातीचे ठोके ऐकू येऊ लागले. जखमी माणूस हलू शकत नाही, रेडिओवर बोलू शकत नाही. जवळ कोणी आलं तर बोलू शकतो, इतकंच. आणि कोणी आलं नाही, तर अंधार पूर्ण होतो.

"कोई नहीं जाएगा उधर," कप्तान म्हणाला. "खुला मैदान है. मास्टरजी गए."

बरोबरच होतं त्याचं. कोण कशाला येईल? सुलभाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. नको येऊस, त्यांना वाटलं, आणि लगेच, ये रे, ये एकदा.

रेडिओ खरखरला.

"जा रहा हूँ," श्रेयस म्हणाला.

"पागल है क्या? आखिरी दिन मरेगा?"

गोळ्या सुटल्या. मग गव्हातून सरपटल्याचा आवाज जवळ जवळ येत गेला, आणि अंधारत चाललेल्या पडद्यावर एक हेल्मेट दिसलं. तो शेजारी येऊन पडला. कहाँ लगी, असं त्यानं विचारलं नाही. नुसता पडून राहिला.

सुलभाबाईंनी दुसरं बटण दाबलं.

"श्रेयस," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. "बाळा, जाऊ नकोस. ऐकून घे आणि मग जा. बाबांनी हाक मारलीच नव्हती रे. डॉक्टरांनी सांगितलं मला. एका क्षणात गेले ते, आवाज काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्यांना. मी खोटं बोलले. मी तर घरातसुद्धा नव्हते. तुला ऐकू आलं नाही, कारण ऐकायला काही नव्हतंच."

गोळ्या थांबल्या होत्या.

"ऐकू येतंय का? श्रेयस? मला हे बटण नीट समजत नाही. आवाज येतोय का माझा?"

अंधार कडेनं सरकत पडद्याच्या मधोमध आला होता. मग त्यानं घसा साफ केला.

"कूलरमधलं पाणी संपलंय," तो मराठीत म्हणाला.

"काय?"

"खडखड येतेय इथपर्यंत. पंप जळेल. आधी पाणी टाक."

"अरे, पण तू..."

"मी आहे इथं. तू जा."

सुलभाबाईंनी हेडफोन टेबलावर ठेवला. बाथरूममध्ये गेल्या, बादली नळाखाली धरली. हिवाळ्यापासून त्या ह्या नळाशी आल्या की तोंड फिरवून उभ्या राहत. आज बादली भरेपर्यंत पाण्याकडे बघत राहिल्या. पाणी कूलरमध्ये ओतलं, दुसरी बादली आणून ओतली. खडखड थांबली आणि वाळ्याच्या ताट्यांतून गार झुळूक आली.

परत येऊन खुर्चीत बसल्या तेव्हा पडद्यावरचा अंधार गेला होता. त्यांच्या सैनिकाला कोणीतरी उघड्या शेतातून ओढत भिंतीआड आणलं होतं, खांद्याला पट्टी बांधली होती. दुसरा सैनिक भिंतीला टेकून बसला होता, हेल्मेट त्यांच्याकडे वळवून. रेडिओवर कप्तान शिव्या देत होता. गाव हातचं गेलं होतं.

त्यांनी हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

"टाकलं पाणी."

"हां. आता नीट येतोय आवाज," श्रेयस म्हणाला. "आई, ते बाबांचं परत सांग."